गट क्रमांक नसलेला फेरफार

पुण्याच्या सहकाऱ्याने काल संध्याकाळी एक पॅच, म्हणजे कोडमध्ये करायच्या बदलांची फाइल, पाठवला आणि सोबत ‘हा लावून टाक’ एवढेच लिहिले. कोडच्या कोणत्या आवृत्तीवर लावायचा, असे विचारल्यावर उत्तर आले, ‘लेटेस्टवर.’ त्याच्या लेटेस्टवर की माझ्या, हा खुलासा मागेपर्यंत स्वारी ऑफलाइन गेली होती.

पॅचमध्ये सात तुकडे होते. पाच बसले. सहावा नाकारला जाऊन न बसलेल्या तुकड्यांच्या ‘.रेज’ फाइलीत पडला. सातवा मात्र आजूबाजूच्या तीन-तीन ओळी जुळल्या एवढ्याच भांडवलावर सदतीस ओळी खाली सरकला आणि भलत्याच फंक्शनमध्ये निमूटपणे जाऊन बसला. सहाव्याबद्दल माझी तक्रार नाही. तो निदान ओरडला तरी.

त्याच वेळी शेजारचे तात्या, म्हणजे निवृत्त तलाठी, सातबाऱ्याचा उतारा छापून घ्यायला आमच्या धुळ्यातील देवपूरच्या घरी आले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी कारण विचारले आणि मीही मूर्खासारखे सविस्तर सांगितले.

“कोणता गटना फेरफार शे हाऊ?”

फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतील बदल, कोणत्या गटाचा, तेच लिहिलेले नाही, असे मी म्हणताच तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रीतसर चौकशी सुरू केली. नोंद कोणी घेतली? हितसंबंधितांना नोटीस बजावली काय? हरकतीचे पंधरा दिवस उलटले काय? मंडळ अधिकाऱ्यांनी प्रमाणित केली काय? प्रत्येक प्रश्नाला मी मान खाली घालून ‘नाही’ म्हणत होतो, जणू ती नोंद मीच रात्री चावडीत शिरून चढवली होती. मग त्यांच्या तलाठी सज्ज्यातील एका नोंदीची हकिकत निघाली. ती भलत्या गटावर चढल्यामुळे एका शेतकऱ्याची विहीर कागदोपत्री चुलतभावाच्या शेतात गेली होती, आणि ती परत आणण्यात तीन तहसीलदार बदलून गेले. माझा सातवा तुकडा म्हणजे हीच विहीर होती, पण तात्या उतारा विसरून चहावर आले होते.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या, २०१६ साली आलेल्या २.९ पासून, पॅच बनवणाऱ्या ‘फॉरमॅट-पॅच’ आज्ञेला ‘--बेस’ सांगितले की पॅचच्या तळाशी मूळ कमिटचा, म्हणजे तो ज्या आवृत्तीवर बेतला तिचा, चाळीस अक्षरांचा क्रमांक आपोआप लिहिला जातो. पाठवणाऱ्याला एक शब्द जास्त टंकावा लागतो, एवढाच खर्च. निदान पॅचमधील इंडेक्सच्या ओळी शिल्लक असत्या तरी त्यांतील क्रमांकांवरून मूळ फाइली शोधता आल्या असत्या. पण त्या या गृहस्थाने ‘पसारा नको’ म्हणून छाटल्या होत्या. मग एकेक कमिट मागे जात, प्रत्येकावर पॅच लागतो का हे तपासत, मी रात्री दीड वाजता तीन आठवड्यांपूर्वीच्या आवृत्तीवर पोहोचलो. तेथे सातही तुकडे एक ओळ न सरकता बसले. हेच त्याचे लेटेस्ट.

सकाळच्या बैठकीच्या टिपणात ‘धुळ्याकडून विलंब’ अशी नोंद झाली. राहिलेला उतारा न्यायला आलेल्या तात्यांना मी ती दाखवली.

“हरकत ले ना भाऊ,” ते म्हणाले, “पंधरा दिन शेतस.”