छोटा ग्रुप म्हणे, बोलतो एकच माणूस!

आज परत फ्रेंचच्या क्लासवरून डोकं फिरवून घेऊन आलेय. ग्रुप सहाच जणांचा, म्हणजे बोलायला भरपूर मिळेल म्हणून मोठ्या क्लासपेक्षा जास्त पैसे भरायचे, ऑफिस संपवून न जेवता धावत जायचं आणि तिथं दीड तास त्या एकाच माणसाची बडबड ऐकायची!

आज कोंदिसिओनेल, म्हणजे 'असं असतं तर तसं केलं असतं' वाली वाक्यं, होतं. माझी पाळी आली, "सी जाव्हे द्यू तां, ज..." (मला वेळ असता तर मी...) इतकं म्हटलं, पुढचं क्रियापद जुळवतेय तोवर हा मधेच "व्हॉयाजरे!" (प्रवास केला असता) म्हणून मोकळा, आणि वर माझ्याकडे बघून मान डोलावतो. अरे, माझं वाक्य होतं ते! येत होतं मला, दोन सेकंद हवे होते फक्त! मग तिथून जे सुरू झालं ते आल्प्समधली सुट्टी, स्कीइंग, हॉटेल, सगळं इंग्लिशमधे, आणि टीचर हसत हसत "ट्रे बियां" (छान छान) करत ऐकतायत. वेळ संपल्यावर मला म्हणे पुढच्या वेळी तुझ्यापासून सुरू करू. मागच्या वेळीही हेच म्हणाल्या होत्या.

आम्ही काय टाइमपास करायला येतो का तिथं? १ जानेवारी २०२६ पासून इथे फ्रान्समधे राहण्याच्या परवान्याच्या पहिल्या मल्टी-इयर कार्डाला फ्रेंचची ए२ पातळी, दहा वर्षांच्या कार्डाला त्यावरची बी१ आणि नागरिकत्वाला त्याहून वरची बी२ लागतेय, आधी नागरिकत्व बी१ वर व्हायचं. डेल्फ या फ्रेंचच्या परीक्षेत बी१ ची तोंडी परीक्षा साधारण १५ मिनिटं, परीक्षकासमोर एकटीनं, तयारीला १० मिनिटं मिळतात तीही फक्त शेवटच्या भागासाठी, आणि २५ पैकी ५ पेक्षा कमी पडले की बाकीचे पेपर कितीही चांगले जाऊ देत, नापास. तिथं माझी वाक्यं पूर्ण करायला हा येणारे का?

आणि टर्मच्या मधेच नवीन लोक आणून बसवतात ते वेगळंच. आमचं इंपारफे (भूतकाळ) चाललंय आणि नवीन आलेल्याला एत्र-आव्हुआर, म्हणजे 'असणे' आणि 'जवळ असणे' ही अगदी सुरुवातीची क्रियापदं, पहिल्यापासून, अर्धा क्लास त्यातच जातो. ऐकायचा ऑडिओ मोबाइलच्या स्पीकरवर, खाली ट्राम खडखडतेय, कोण काय बोललं कुणालाच कळत नाही. झेरॉक्सवर शेवटच्या दोन ओळी कायम कापलेल्या. कुणी तरी बघतं का हे?

बाहेर बेकरीत "बोंजूर, यून बागेत..." (नमस्कार, एक बागेत ब्रेड...) म्हणायचा अवकाश, समोरची इंग्लिशवर येते. प्रेफेक्च्युरमधे, म्हणजे कार्डाच्या सरकारी ऑफिसात, खिडकीपलीकडच्यांना धीर नसतो. कुठेच एक वाक्य धड पूर्ण करू देत नाहीत, म्हणून तर हा क्लास लावला ना, आणि तिथेही तेच!

आता पुढच्या वेळी तो मधे बोलला की तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर "लेसे-म्वा फिनिर" (मला पूर्ण करू द्या) सांगणारे. टीचरनी तेव्हाही हसून सोडून दिलं तर उरलेल्या टर्मचे पैसे परत मागणार, तेही लेखी.