बंदूक नाही म्हणून निर्धास्त?

ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत शाळेतल्याच एका अल्पवयीन मुलाने दहावीतल्या विद्यार्थ्याला भोसकलं आणि त्या विद्यार्थ्याचा जीव गेला. तेव्हा भारतातल्या नातेवाइकांकडून दोनच उपाय ऐकू आले: रोज दप्तरं तपासा, मोबाइल काढून घ्या. वर मला ऐकवलं, "हे तुमच्या अमेरिकेचं लोण."

घरोघरी बंदुका असल्याने इथे बळींचा आकडा वाढतो, हे शंभर टक्के खरं. पण पोर त्या टोकाला कसं पोचतं, हे बंदुकीवरून कळत नाही. १९९९ मध्ये कोलंबाइन या अमेरिकी शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर सीक्रेट सर्व्हिस (राष्ट्राध्यक्षांची सुरक्षा पाहणारी यंत्रणा) आणि अमेरिकेच्या शिक्षण खात्याने शाळांवरच्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास केला. २००२ च्या त्या अहवालानुसार ८१ टक्के घटनांत बेत आधीच कुणाला तरी ठाऊक होता, आणि तो कुणी तरी बहुतेकदा मित्र, वर्गमित्र किंवा भावंड होता. हल्लेखोरांपैकी ७८ टक्के जणांनी आधी आत्महत्येचा प्रयत्न केला होता किंवा तसे विचार त्यांच्या मनात येऊन गेले होते. अनेकांना सतत छळ सोसावा लागला होता. ठरावीक साचा मात्र सापडला नाही. म्हणून अबोल, एकलकोंड्या मुलावर संशयाचा शिक्का मारणं मला क्रूरपणाचं वाटतं.

मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड हायस्कूलचं उदाहरण मला विसरता येत नाही. ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी एका मुलाने गणिताच्या कागदावर बंदूक काढली, शेजारी "मला मदत करा" असं लिहिलं. शिक्षिकेने ते पाहिलं, आईवडिलांना बोलावलं गेलं; त्यांनी त्याला घरी न्यायला नकार दिला. दप्तर न उघडताच त्याला वर्गात धाडलं, आणि पुढे त्याच्या गोळीबारात चार विद्यार्थी मेले. त्या दिवशी दप्तर तपासायलाच हवं होतं. पण ते याच मुलाचं, कारण त्याने मदत मागितली होती.

अमेरिकेतल्याच व्हर्जिनिया राज्यात २०१३ पासून सरकारी शाळांना अशा धोक्यांची दखल घेणारं पथक नेमणं कायद्याने बंधनकारक आहे. धमकी पोकळ की खरी हे ते तपासतं आणि मुलाला आधार कुठून मिळेल तेही पाहतं. आपल्याकडे दाखला हातात देऊन मोकळं होण्याकडे कल असतो. मग ते मूल अधिकच एकटं पडतं, आणि मित्राला शिक्षा व्हायची म्हणून वर्गातलं कुणीही तोंड उघडत नाही.

पुढच्या पालकसभेत सीसीटीव्हीआधी हे विचारा: मित्राबद्दल धास्ती वाटली तर मुलांनी कुणाकडे जायचं, आणि त्यानंतर शाळा काय करते?