सहा बोल्ट बसले, चाक बसेना

कोल्हापुरात पिकअप बाळगणाऱ्या माणसाला दोन जातींचे नातेवाईक हमखास फुटतात. एक घर बदलणारा, दुसरा त्याचा मेहुणा. माझ्या इसुझू व्ही-क्रॉसच्या हौद्यातून गेल्या वर्षभरात तीन कपाटं आणि एक देव्हारा गेला. हमाली करायचीच, तर निदान रुबाबात करू म्हणून चाकांना काळ्या अलॉय डिस्क घ्यायचं ठरवलं.

दुकानदारानं विचारलं, "पीसीडी?" म्हणजे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात, त्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. मी रात्र जागून अभ्यास केला होता. "सहा बोल्ट, 139.7!"

"मग टोयोटा हायलक्सचंच माप. डोळं झाकून बसतंय."

डोळे झाकूनच बसवलं. पोरानं नट आवळले, मग पान्यावर चढून दोन उड्या मारल्या. मला ते कामातलं प्रेम वाटलं.

हायवेला सत्तरपर्यंत स्वर्ग. ऐंशीला स्टिअरिंगला हुडहुडी भरली. नव्वदला मागच्या सीटवर सासूबाईंनी न बोलता कवळी काढून पर्समध्ये ठेवली.

दोनदा बॅलन्सिंग केलं. मशीन म्हणे, शून्य. शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चाक उतरवलं, मधल्या भोकाला व्हर्निअर लावला आणि माझ्याकडे बघितलं.

"पावणं, डिस्कचं भोक 106, तुमचा हब 100. बोल्ट बसल्यात, चाक कुठं बसलंय? बापाची चप्पल पोरानं घातल्यागत झालंय."

म्हणजे चाक हबवर, गाडीच्या त्या मधल्या गोल उंचवट्यावर, नव्हतंच, नटांच्या भरवशावर लोंबकळत होतं. आवळताना जिकडे कललं, तिकडेच कायमचं. मिस्त्रींनी ॲल्युमिनियमच्या चार रिंगा कातल्या, बाहेरून 106, आतून 100. हबवर रिंग, रिंगेवर डिस्क. तळहातानं हलकं ढकललं आणि चाक असं गपकन आत गेलं की माझ्या तोंडून "वा!" निघालं.

मग नट. समोरासमोरचे, आलटून पालटून. आधी जॅकवर हातानं, मग टायर टेकवून टॉर्क रेंचनं. ठरलेला जोर लागला की तो 'कट्' वाजतो, तिथं हात थांबला पाहिजे. उड्या मारणाऱ्या पोराची गोष्ट सांगितली, तेव्हा मिस्त्रींनी तोंडाशी नेलेला चहा खाली ठेवला.

"आणि ऑफसेट?"

"तो काय असतो?"

तर ऑफसेट म्हणजे डिस्कचा हबला टेकणारा भाग चाकाच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला किती मिलिमीटर, ते माप. जुन्या डिस्कचा 33, नव्याचा शून्य. हिशेब सोपा: प्रत्येक चाक तीन सेंटीमीटरहून जास्त बाहेर. त्याला रिंग नाही. आता पावसात मडगार्ड कोरडं राहतं आणि चिखल थेट दाराच्या काचेवर येतो. हे मी घरी 'ऑफ-रोड लुक' म्हणून खपवलंय.

"शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासा," असं मिस्त्रींनी बजावलं होतं. म्हणून रात्री दहाला पार्किंगमध्ये रेंच घेऊन उकिडवा बसलो. चौथ्या नटाला मागून आवाज आला.

"पंक्चर का हो? नाही ना? मग बरं झालं, रविवारी एक कपाट होतं..."