८० टक्के झालंय म्हणे, डोंबलाचं

आमच्या प्रोजेक्टचं काम ८० टक्के झालंय. कोण म्हणतं? पीपीटी म्हणते. मागच्या रिव्ह्यूला ६० होतं, आता ८०, आणि मधल्या काळात काय झालं विचाराल तर स्लाइडचं बॅकग्राउंड निळ्याचं काळं झालं, बास.

प्रोजेक्ट काय तर एक बेस युनिट, आत ईएसपी ३२ म्हणजे ब्लूटूथवाली छोटी कंट्रोलर चिप, आणि वर मॅग्नेटने खटकन बसणारे सेन्सरचे ठोकळे, हवेचा वेगळा, मातीचा वेगळा, उजेडाचा वेगळा, हवा तो लावा आणि मोबाइलच्या ॲपमध्ये रीडिंग बघा. ऐकायला एकदम भारी. स्लाइडवर तर "कितीही मॉड्यूल जोडा" असं ठोकून दिलंय. अरे कितीही कसे जोडणार बाबा, सगळं एकाच आय टू सी बसवर आहे, म्हणजे सगळे सेन्सर त्याच दोन तारांवर, एक डेटाची एक क्लॉकची, आणि प्रत्येकाचा ॲड्रेस वेगळा हवा, हवेच्या त्या सेन्सरला ॲड्रेस मिळतात दोनच, झीरो एक्स ७६ नाहीतर ७७, तिसरा लावला की बोंब. एका बसच्या अनेक वाटा करून देणारा मल्टिप्लेक्सर घेऊया म्हटलं तर "बजेट नाहीये यार", आणि त्याच आठवड्यात ॲपच्या लोगोसाठी सगळ्यांकडून पैसे काढले. लोगोसाठी!!

बरं चालू असताना ठोकळा काढून परत लावला की अख्खी आय टू सी बस हँग. डेटा लाइन लो होऊन बसते ती बसतेच, मग क्लॉकचे ९ पल्स देऊन सेन्सरला सोडवा नाहीतर सरळ पॉवर बंद करा. हे सगळं घणसोलीच्या रूमवर मी एकटी करत बसते, सोल्डरच्या धुरावरून रूममेटची बोलणी खात, आणि बाकीचे तिघं ग्रुपवर अंगठे टाकतात. पार्ट संपले की मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला कोण जाणार? मीच. घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर, पूल चढून वेस्टर्नला, मग ग्रँट रोड, आणि परत येताना संध्याकाळच्या गर्दीत पोगो पिनची, म्हणजे स्प्रिंगवाल्या कॉन्टॅक्ट पिनांची, पुडी मुठीत धरून एका पायावर उभी. वर ग्रुपवर मेसेज, "येताना माझ्यासाठी टाइप सी केबल आण ना." अग बाई, घेऊन ये ना स्वतः जाऊन!

आता खरी गंमत ऐका. दुकानदाराने हवेचा सेन्सर देताना बीएमई २८० सांगून बीएमपी २८० गळ्यात मारला. बोर्ड दिसायला सेम टू सेम, पण चिप आयडी वाचला तर ६० च्या जागी ५८, म्हणजे तापमान आणि प्रेशर मिळणार, ह्युमिडिटी मोजायची सोयच नाही त्यात. मी लगेच ग्रुपवर टाकलं. तिघांनी बघितलं, रिप्लाय शून्य. आणि रिव्ह्यूला आमच्या ॲपवाल्या साहेबांनी ऐटीत मोबाइल पुढे केला तर स्क्रीनवर ह्युमिडिटी ४२ टक्के! भर पावसात! नवी मुंबईत! इथे जीन्स चार-चार दिवस वाळत नाही आणि ह्याच्या ॲपमध्ये राजस्थान चालू आहे.

बाहेर आल्यावर विचारलं, हे आकडे येतायत कुठून?

"रँडम टाकलेत ग, रिव्ह्यूपुरते. बीएलई ब्लूटूथच्या परमिशनचं लफडं आहे."

लफडं म्हणे! अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथला स्कॅन आणि कनेक्टची परमिशन वेगळी मागावी लागते, डॉक्युमेंटेशनमध्ये ढळढळीत लिहिलंय, ॲपच्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये दोन ओळी आणि एक पॉपअप, एवढ्यासाठी ह्यांचं ॲप माझ्या बोर्डाशी आजवर एक अक्षर बोललेलं नाही. पण डार्क मोड आहे हां त्यात. ॲनिमेशन पण आहे.

आणि रिव्ह्यू घेणाऱ्या मॅडम खूश! "ॲप छान झालंय, हार्डवेअरवाल्यांनी जरा स्पीड वाढवा." हार्डवेअरवाल्यांनी म्हणजे कोणी? मीच ना, आहे कोण दुसरं तिथे?

आता रिपोर्टमध्ये ह्युमिडिटीचा महिन्याभराचा ग्राफ हवाय. साहेबांचा आत्ताच मेसेज आला, "डेटा तू देशील ना, सेन्सर तुझ्याकडेच आहे."

देते हां. थांब तू.