सर्दीनंही सीआरपी वाढतो, मान्य. पुढे?

फाउंड्रीतल्या धुळीचा परिणाम सीआरपीवरून (शरीरात सूज आली की रक्तात वाढणारं प्रथिन) कसा ओळखायचा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘सर्दीनंही सीआरपी वाढतो, मग ग्राइंडिंगच्या पोरांचं रक्त काढून लॅबवाल्यांची भर कशाला? ईएसआर (तांबड्या पेशी नळीत किती वेगानं खाली बसतात ती तपासणी) स्वस्त पडतो. मास्क आम्ही देतोच. तक्त्यात एककसुद्धा नाही. कारखान्यात पाऊल तरी ठेवलंय का कधी?’ एवढा जोर, आणि खाली नाव नाही. असो. कुपवाड-मिरजेच्या फाउंड्र्यांतल्या कामगारांचे रिपोर्ट वाचणं हेच माझं रोजचं काम आहे.

एककाचं बरोबर. मिलिग्रॅम प्रति लिटर आणि प्रति डेसीलिटर यांत दहापट फरक पडतो, तक्त्यात ते लिहिलं आहे आता.

आता सर्दी. वाढतोच की! हिरडी सुजली तरी वाढतो, आणि मिसरी-तंबाखूच्या आपल्या मुलखात धड हिरड्यांचा माणूस शोधावा लागतो. विडी ओढणाऱ्याचा, पोट सुटलेल्याचा मुळातच थोडा वर असतो. म्हणून तर एका आकड्यावर निकाल द्यायचा नसतो. लेखात हे होतं. तिथवर पोचण्याआधीच तुम्ही लिहायला बसलात बहुतेक.

एकाच माणसाचे दोन नमुने घ्यायचे. पहिला सुट्टीनंतर, मशीनला हात लावण्याआधी. जोडून दोन सुट्ट्या असतील तर फारच बरं. दुसरा सलग चार-पाच दिवस काम झाल्यावर, सकाळी त्याच वेळेला. धुळीनं चिडलेल्या फुफ्फुसातून इंटरल्यूकिन-६ हा सुजेचा निरोप देणारा रेणू सुटतो, त्यावर यकृत सीआरपी बनवतं. तो चढायला सहा-आठ तास लागतात, शिखर साधारण ४८ तासांनी येतं, आणि निम्मा व्हायला १९ तास. पाळी सुटताच गेटवर नळ्या भरणाऱ्या शिबिरांत त्या दिवसाची धूळ दिसणार कुठून?

सुई टोचण्याआधी विचारायचं: गेल्या दोन आठवड्यांत ताप, खोकला, दाढ, लस? बोटं बघायची, ग्राइंडिंगवाल्याला कापलेलं-भाजलेलं असतंच. आकडा १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर तो बाजूला ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा. झाली तुमची सर्दी वजा. आणि तपासणी हाय-सेन्सिटिव्हिटीचीच हवी. साध्या सीआरपीत ‘५ पेक्षा कमी’ एवढंच छापून येतं, ०.८ चा २.१ झालेला त्यात कळतच नाही.

ईएसआर हिमोग्लोबिन कमी असलं तरी चढतो, नळी तिरकी राहिली तरी चढतो. स्वस्त आहे, खरं. मास्क म्हणजे कापडी असेल तर बारीक धुळीला ती चाळणीच.

एक गोष्ट मात्र तुम्ही विचारायला हवी होती. सीआरपी नॉर्मल आला म्हणून फेटलिंगचा, म्हणजे ओतून काढलेले भाग (कास्टिंग) घासून साफ करणारा, माणूस सुटला असं नाही. कास्टिंगला साच्याची वाळू चिकटलेली असते, आणि सिलिकोसिस, म्हणजे त्या वाळूच्या बारीक धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, सीआरपी न हलवताही पुढं सरकतो. त्याला छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणं) आणि हवेची मोजणी हवी: कॉलरला सायक्लोन (जाड धूळ गाळून बारीक तेवढी पुढं सोडणारं छोटं यंत्र), कमरेला पंप, नायलॉनचा सायक्लोन असेल तर मिनिटाला १.७ लिटर, पूर्ण पाळीभर, प्रवाह आधी आणि नंतर तपासून. तुमच्या शॉपमध्ये हा पंप शेवटचा कधी लागला? आकडा असेल तर टाका खाली, एककासकट.