बोट त्यांची, तहान आपली

क्रूझवरून परत येऊन बॅगा अजून उघडल्या नाहीत, पण बोटीवरचं पिणं आणि टिप तिकिटातच धरावी का यावर आधी लिहून टाकतो, नाहीतर राग शिळा होईल. तर बोटीवर सकाळी दहा वाजता नाश्ता संपतो. म्हणजे खायचं काही ना काही चालूच असतं, संपतो तो ज्यूस. मी लेकीसाठी ग्लास घेऊन पोचलो तेव्हा एक पोरगा ज्यूसच्या मशीनवर कापड टाकत होता, आणि इतक्या गंभीर चेहऱ्याने टाकत होता की मी दोन मिनिटं मौन पाळायच्या बेतात होतो. "सॉरी सर, ज्यूस आता बारवर मिळेल." बार चार पावलांवर. तोच ज्यूस, तोच रंग, ग्लास जरा उंच आणि वर एक कागदाची छत्री. बारवाल्याने ग्लास भरायच्या आधी हात पुढे केला, कार्ड द्या म्हणून, म्हणजे बोटीचं ते कार्ड ज्यावर सगळा खर्च चढतो.

मी म्हटलं, अरे बाबा, हाच ज्यूस आत्ता इथे फुकट होता ना? तो हसला. क्रूझवर सगळे कायम हसतात हा एक वेगळाच त्रास आहे, भांडायला समोर माणूसच मिळत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा! कार्ड काढू नका!"

वळून बघतो तर एक काका. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, कार्डावर एक चमकणारा स्टिकर. म्हणजे ड्रिंक्स पॅकेजवाले. ज्यांनी कधी ही भानगड केली नाही त्यांच्यासाठी सांगतो, रोजचा अमुक इतका आकडा आधीच भरायचा आणि मग दारू, ज्यूस, कॉफी, बाटलीबंद पाणी काय हवं ते घ्यायचं. एकच दिवस घेईन म्हटलं तर सहसा चालत नाही, घ्यायचं तर अख्ख्या प्रवासाचं. आणि बऱ्याच कंपन्यांत एका खोलीतल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की त्या खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना घ्यावंच लागतं.

"अहो, माझं पॅकेज आहे," काका म्हणाले. "मी घेतो, बाळाला द्या."

आता याला कोण नाही म्हणणार. काकांनी ज्यूस मागवला. बारवाल्याने विचारलं, "तुमच्यासाठीच ना सर?" काका म्हणाले, "हो हो, माझ्यासाठीच." ग्लास आला. काकांनी तो काउंटरवर ठेवला, इकडे तिकडे बघितलं आणि कोपराने हळूच लेकीच्या दिशेने सरकवला. बारवाला खाकरला. काकांनी ग्लास परत ओढला. बारवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, ग्लास पुन्हा सरकला. हा पुन्हा खाकरला, न वळता! त्या माणसाला पाठीला डोळे होते. मग तो आला आणि हसत हसतच सांगितलं की सर, पॅकेज दुसऱ्याला देता येत नाही, दिलं तर बंद होतं आणि पैसेही परत मिळत नाहीत.

पैसे परत मिळत नाहीत हे शब्द ऐकताच काकांनी ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. लेक खालून बघत होती. एवढ्या अपेक्षेने बघत असलेल्या पोराच्या समोर ज्यूस पिणं सोपं नसतं हो, पण काकांनी करून दाखवलं. मग त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, बारीकसा ढेकर दिला आणि खिशातून एक छोटी वही काढून त्यात रेघ मारली.

"सकाळपासून सातवं," ते म्हणाले. आवाजात आनंद अजिबात नव्हता.

विचारायला नको होतं, पण न विचारता राहवेना. तर काकांचा हिशेब असा. पॅकेज वसूल व्हायला दिवसाला अमुक इतकी पेयं पोटात जायला हवीत. दारू म्हणाल तर काका संध्याकाळी एक बिअर घेतात, त्यातच झोप येते. म्हणजे बाकीची सगळी वसुली कॉफी, ज्यूस आणि पाण्यावर. कॉफी डॉक्टरांनी बंद केलेली. "पण डॉक्टरांना कुठे माहीत होतं पॅकेज आहे ते," हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की मी मान डोलावली. बंदरावर उतरून फिरायचा दिवस त्यांना मुळात आवडतच नाही. सगळे किल्ले नि चर्च बघत हिंडतात आणि काका मनातल्या मनात बोटीवर आपला मीटर चालू आहे म्हणून तळमळतात. दुपारच्या आत परत.

"आणि काकू?"

काकू मागेच खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर थर्मास. एक खोली म्हणून त्यांचंही पॅकेज घ्यावं लागलं होतं. काकू गरम पाण्याशिवाय काही पीत नाहीत. गरम पाणी बोटीवर सगळ्यांनाच फुकट असतं.

"मी म्हटलं होतं ह्यांना," काकू म्हणाल्या. फक्त एवढंच. पण त्या एवढ्याशा वाक्यात उरलेला सगळा प्रवास दिसत होता.

काकूंच्या वाटची वसुली काका करू शकत नाहीत कारण त्यांचं कार्ड वेगळं, आणि बारवाल्याला पाठीला डोळे. म्हणून त्यांनी तोड काढली होती. काकू प्रत्येक बारवरून बाटलीबंद पाणी घेतात आणि खोलीत नेऊन ठेवतात. "कपाट भरलं, आता बाथरूममध्ये लावतोय," काका. मी विचारलं एवढ्या पाण्याचं करणार काय? "उतरताना घेऊन जाणार." समुद्रावरून सुटकेसमध्ये पाणी भरून नेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी लेकीचा ज्यूस मीच विकत घेतला. ज्यूस, त्यावर १८ टक्के सर्व्हिस चार्ज, आणि खाली एक मोकळी रेघ, अजून काही द्यावंसं वाटतंय का म्हणून. लेकीने दोन घोट घेतले आणि म्हणाली आंबट आहे. मी म्हटलं, काका, तुम्ही घेता का, वाया जाईल. काकांनी ग्लासकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि मान हलवली. "नको. तो तुमच्या खात्यातला. माझ्यात धरता येणार नाही."

आता मुद्दा. दारू तिकिटात असावी का? माझं म्हणणं, अजिबात नको. ज्याने प्यायची त्याने भरावं. सगळ्यांच्या तिकिटात घातली की काकूंच्या गरम पाण्यातून शेजारच्या टेबलावरच्या कॉकटेलचे पैसे जाणार, आणि जो पीत नाही तोसुद्धा भरलेत तर घेऊया म्हणून पिणार. काका हे त्याचं चालतं बोलतं उदाहरण आहेत, जरी दुपारनंतर त्यांना फार चालवत नव्हतं. काही कंपन्या तर पॅकेजमध्येसुद्धा दिवसाला १५ दारूच्या पेयांची मर्यादा घालतात. ही मर्यादा आहे की आव्हान, कळत नाही. पण माणसाला तहान लागते, ती तिकिटात धरा की! पोराचा ज्यूस, साधं गार पेय, बरी कॉफी. सिल्व्हरसी, सीबॉर्न, रीजंट सेव्हन सीज असल्या महागड्या बोटींवर दारू, टिप सगळं तिकिटातच असतं, आणि तिकीटही तसंच असतं, ते ठीक आहे. निदान आकडा एकदाच बघून चक्कर येते. आमच्यासारख्यांच्या बोटीवर ती हप्त्याहप्त्याने येते.

आणि हे उगाच होत नाही. मोठ्या क्रूझ कंपन्यांचे वार्षिक हिशेब बघा, तिकिटाचं उत्पन्न वेगळं दाखवतात आणि प्रवासी बोटीवर जे खर्च करतात त्याचं वेगळं, आणि हे दुसरं एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ एक तृतीयांश भरतं. दारू, कॅसिनो, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, वेगळ्या रेस्टॉरंटमधलं जेवण. म्हणजे स्वस्त तिकीट हे आत घ्यायला आहे, आत घेतल्यावर पाण्यात कुठे जाणार तुम्ही? बोट बंदर सोडून लांब गेली की मग दुकानं आणि कॅसिनो उघडतात, तोपर्यंत कायदा आडवा येतो. कायदा मागे पडला की लगेच शटर वर!

तसं बोट आणि दारू यांचं नातं जुनंच. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा लोक बोटीत बसून समुद्रात जायचे, प्यायचे आणि परत यायचे, बोट कुठेच जायची नाही. निदान प्रामाणिकपणा होता, कोणी किल्ला बघायला जातो म्हणत नव्हतं. त्याच्याही आधी १८४० साली क्युनार्ड कंपनीची ब्रिटानिया ही बोट अटलांटिक ओलांडायची तेव्हा ताज्या दुधासाठी बोटीवर गाय असायची. गाय! विचार करा, दहा वाजता त्या गाईवर कोणी कापड टाकत नसेल.

आणि गळ्यातलं कार्ड. सगळं एकदाच भरा आणि मजा करा ही सुट्टीची कल्पना ज्यांनी गाजवली त्या क्लब मेड या रिसॉर्टवाल्यांची सुरुवात जेरार ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन माणसाने १९५० मध्ये केली. तिथे जेवण पैशात धरलेलं पण बारवरची दारू वेगळी, आणि पोहायच्या कपड्याला खिसा कुठला, म्हणून लोक गळ्यात प्लास्टिकच्या मण्यांची माळ घालायचे आणि मणी काढून द्यायचे. मला हे फार आवडलं. माळ लहान होताना दिसते तरी! संध्याकाळी गळा मोकळा झाला की माणूस गपचूप झोपायला जातो. आमचं कार्ड काही लहान होत नाही, टुक् वाजतं आणि तितकंच राहतं.

पण खरं सांगू का, ज्यूसचं मी विसरेन, टिपचं नाही विसरणार. माणशी रोज एक ठरलेली रक्कम आपोआप खात्यावर चढते, पोराच्या नावावरसुद्धा, आणि नाव काय तर टिप. टिप म्हणजे खुशीने द्यायची ना? तर म्हणे नको असेल तर काउंटरवर येऊन काढून घ्या. काउंटरवर जाऊन, रांगेत उभं राहून, मागच्या वीस लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं की आमची खोली साफ करणाऱ्या पोराचे पैसे कापा. कोण करेल? तो पोरगा सहासात महिने घरी गेलेला नाही. सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे २००६ चा, त्यातसुद्धा कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत १४ तास आणि आठवड्याला ७२ तास अशी आहे. म्हणजे नियम पाळूनही एवढं राबवता येतं. त्याला पगार द्यायचं काम कंपनीचं, ते माझ्या खुशीवर कशाला टाकलंय? तिकिटात घाला, मी एक शब्द बोलणार नाही. पण तिकिटात घातलं की जाहिरातीतला आकडा मोठा दिसतो, तिथेच तर सगळं अडतं. कॅलिफोर्नियाने कायदा केला की सक्तीचे सगळे चार्ज जाहिरातीतल्या किमतीत दाखवा, तो १ जुलै २०२४ पासून लागू झाला, मग बंदराचे चार्ज निमूटपणे किमतीत आले. टिप आली नाही. ती काढता येते ना, म्हणजे ऐच्छिक. हे वाचलं तेव्हा मी खरंच टेबलावर हात आपटला आणि बायको म्हणाली, अहो, लोक बघतायत.

शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकवलं. ते मी वाचलं नाही, बायकोने वाचलं, मला फक्त चेहरा बघायचा होता. वायफायचे पैसे, टिप, ज्यूस, कोणीतरी काढलेला आणि बायकोने मोह न आवरून घेतलेला फोटो ज्यात माझे डोळे मिटलेले आहेत. एक ओळ तर आमची नव्हतीच, म्हणून काउंटरवर गेलो. रांग बघून वाटलं बोट बुडतेय आणि इथे होड्यांची तिकिटं देतायत. पुढे काका होतेच. त्यांच्या बिलात चुकीचं काहीच नव्हतं, ते नुसतं खात्री करायला आले होते की पॅकेज रात्री बारापर्यंत चालतं की सकाळी उतरेपर्यंत.

रांगेच्या शेजारी अजून एक टेबल, तिथली मुलगी सगळ्यात जास्त हसत होती. पुढच्या क्रूझचं आत्ताच बुकिंग करा, ड्रिंक्स पॅकेज फ्री! बायको थबकली. मी दंड धरला, पण उशीर झाला होता.

"खरंच फ्री?"

"हो मॅडम, पूर्ण फ्री. फक्त पॅकेजच्या मूळ किमतीवरचा सर्व्हिस चार्ज तेवढा भरायचा."

"म्हणजे शून्यावर १८ टक्के?" मी.

"नाही सर, मूळ किमतीवर."

"पण मूळ किंमत तर आम्ही देत नाही."

"बरोबर सर, ती फ्री आहे."

मी अजून तिथे उभा राहिलो असतो, पण काकांनी मला हलकेच बाजूला केलं, वहीचं कोरं पान उघडलं आणि तिला विचारलं, "दोघांची खोली वेगळी वेगळी घेतली तर एकालाच घेता येईल ना?" मागे काकू थर्मासचं झाकण लावत होत्या, आणि माझी शपथ, पहिल्यांदाच हसल्या.