हबचा नट आणि टॉर्क रेंच : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सीजे-3बी या जुन्या विलीज जीपच्या पुढच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) बेअरिंग कसं बसवायचं यावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. मग परत वाचली, कारण पहिल्यांदा वाटलं की दुसऱ्याच कुणाच्या लेखावरची चुकून इथे पडली. तुमचे आक्षेप चार : नटाचा टॉर्क (आवळण्याचा जोर, टॉर्क रेंच या पान्याने मोजतात तो) दिला नाही, किंगपिनचा (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा) प्ले म्हणजे ढिलेपणा आधी तपासायला सांगितला नाही, जुने कप (बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा) परत वापरायला मुभा दिली, आणि ग्रीसबद्दल नुसतं 'चांगलं ग्रीस' एवढंच लिहिलं. इथवर ठीक. पण मग हे वाक्य : "टॉर्क रेंचशिवाय बेअरिंग बसवायला शिकवणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ. असल्या अंदाजपंचे मिस्त्र्यांमुळेच घाटात गाड्यांची चाकं निघतात."

ग्रीसचं मान्य. 'लिथियम बेसचं, दोन नंबरचं, व्हील बेअरिंगचं' असं स्पष्ट लिहायला हवं होतं. दुकानात नुसतं ग्रीस मागितलं की कॅल्शियमवालं स्वस्त चासिस ग्रीस हातात पडतं. ते शंभर अंशांच्या आसपास पातळ होतं आणि सील जुनं असेल तर थेट ब्रेकच्या लायनरवर उतरतं. लेखात तेवढी भर घातली आहे.

आता घाटातल्या चाकांकडे येऊ. अहो, एखाद्याला जिवाशी खेळणारा म्हणण्याआधी तो माणूस कोण, काय, एवढी तरी चौकशी करावी. माझ्या वडिलांचं नाशिकच्या द्वारकेजवळ गॅरेज होतं. मुंबई-आग्रा रोडवर बसलेले ट्रक आणि हरसूल, पेठ, त्र्यंबककडच्या चिखलातून ओढून आणलेल्या जीपा बघत आम्ही वाढलो. शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि डिझेलच्या डब्यात बेअरिंगं धुवायला बसायचं. धुतलेलं बेअरिंग वडील दाराशी उजेडात धरायचे आणि एकेका रोलरवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख कुठे अडलं की ते बेअरिंग भंगारात, मग गिऱ्हाईक कितीही गयावया करो. त्या हातांखालून गेलेल्या गाड्या सावळघाट चढून-उतरून घरी पोचत, चारही चाकांसकट. त्या वेळी तिथे टॉर्क रेंच नव्हता. तुम्हीही नव्हता.

बरं, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या म्हणता. कुठल्या मॅन्युअलप्रमाणे? विलीजच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पद्धत दिली आहे ती अशी : चाक फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक अडायला लागलं की साधारण एक षष्ठांश फेरा सोडायचा, गरज पडली तर थोडा जास्त. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि आडवं हलता कामा नये. टॉर्कचा आकडा नाही. मी लेखात लिहिलं ते याहून वेगळं काय आहे? मग अंदाजपंचे कोण, मी की विलीज?

नंतरच्या ॲक्सलना आकडा आहे, हे मलाही ठाऊक आहे. डाना 44 या ॲक्सलला हबच्या दोन नटांपैकी आतला नट चाक फिरवत 50 फूट-पाउंडला आवळतात. पण तो कशासाठी, तर रोलर कपात नीट बसावेत म्हणून. बसले की तो नट सोडावाच लागतो. टेपर रोलरला (निमुळत्या रोलरच्या बेअरिंगला) हबमध्ये किंचित मोकळीक हवी, इंचाच्या हजाराव्या भागापासून फार तर शंभराव्या भागापर्यंत. ही मोकळीक रेंचवर दिसत नाही. ती डायल गेजवर (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या मापकावर) दिसते, नाहीतर चाकाला बाराच्या आणि सहाच्या काट्यावर धरलेल्या हातांना कळते.

गेल्या पावसाळ्यात एक तरुण गृहस्थ आले होते. स्वतः बेअरिंग बदललेलं, अगदी पुस्तकी. इगतपुरीहून नाशिकला येईपर्यंत उजव्या हबला हात लावता येईना. उघडलं तर आतला नट 50 ला आवळून तसाच लॉक केलेला. ग्रीस काळं, रोलर निळे, आणि बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवर (हब ज्यावर बसतो त्या दांड्यावर) फिरून त्यावर चर पडलेली. टॉर्क रेंच मात्र गाडीतच होता, प्लॅस्टिकच्या पेटीत, कोरा करकरीत.

चाक कशाने निघतं तेही सांगतो, विषय तुम्हीच काढलात म्हणून. दोन नटांच्या मध्ये वाकवायचा एक वॉशर असतो. त्याची कड नटाच्या पैलूवर चेपायची. हा दर वेळी नवा घालायचा. लोक तोच सरळ करून परत वाकवतात, परत सरळ करतात, शेवटी कड तुटते आणि नट मोकळा. त्यातून बॉक्स पाना नाही म्हणून छिन्नी-हातोडीने नट ठोकलेला, कोपरे गोल झालेले. हे लेखात ठळक अक्षरांत आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नसाल, तर माझा नाइलाज आहे.

बाकीचं थोडक्यात. किंगपिन हा वेगळा विषय आहे. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक हलवा. तरीही हललं तर किंगपिन, थांबलं तर हबचं बेअरिंग. इतकं पोराटोरांना माहीत असतं, म्हणून लिहिलं नाही. कपांचं म्हणाल तर नवीन कोन (रोलरसकट आतली रिंग) जुन्या कपात घाला असं मी कुठेही म्हटलेलं नाही. डाग नाही, रेघ नाही, तर जुना कोन आपल्याच जुन्या कपात परत जाऊ शकतो. या जीपला आतलं आणि बाहेरचं बेअरिंग एकाच नंबरचं, कोन 18590 आणि कप 18520, त्यामुळे धुताना अदलाबदल होते. डब्यांवर खडूने खूण करा. झालं.

शेवटी तुम्ही लिहिलंत, "जमत नसेल त्यांनी शोरूमला जावं." जरूर जावं. सीजे घेऊन गेलात की काउंटरवरचा मुलगा आधी तिच्यासोबत सेल्फी काढतो आणि मग सांगतो, सर, हे मॉडेल सिस्टीममध्ये दिसत नाही.

टॉर्क रेंच माझ्याकडेही आहे. इंजिनच्या हेडचे बोल्ट मी त्यानेच आवळतो. तुमची तयारी असेल तर एखाद्या रविवारी या. डावं चाक तुम्ही रेंचने बसवा, उजवं मी हाताने बसवतो, आणि डायल गेज तिसऱ्याच कुणाच्या तरी हातात देऊ. येताना नवे वॉशर तेवढे घेऊन या.